तंजावरची मुद्दुपळनी : ग्रंथ, चरित्र आणि छाटलेली अवतरणिका

मालवण, वेंगुर्लें, कुडाळ, बांदें या टापूंतील जुन्या घरांतून पदांचीं बाडें अद्याप निघतात. कागद दमट हवेनें मऊ झालेला, कडा वाळवीनें खाल्लेल्या, वरचें वेष्टण कोणत्या तरी जुन्या धोतराचें. आंत आरत्या, भूपाळ्या, अभंग, दशावतारी खेळांतील पदें, आणि मधूनमधून औषधांचे पाठ व देण्याघेण्याचे आंकडे. असें बाड हातीं आलें म्हणजे आपण संग्राहक मंडळी प्रथम काय करितों? ओळखीची नाममुद्रा शोधितों. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये यांचें पद सांपडलें तर तें एका बाजूस ठेवितों, तुकोबा-रामदासांचीं पदें दुसऱ्या बाजूस, आणि जें राहिलें त्यास 'स्फुट' म्हणून एका फडक्यांत बांधून टाकितों. शेवटच्या पानावर लेखकानें घातलेलें नांव, गांव, शक व पोथी कोणासाठीं लिहिली तो मजकूर उतरून घेण्याची तसदी आपल्यापैकीं थोडेच घेतात. दोन वर्षांपूर्वीं मालवणाजवळच्या एका घरीं आम्हांस असें एक बाड दाखविण्यांत आलें. त्याचीं शेवटचीं दोन पानें नव्हतीं. आधींच्या एका संग्राहकानें तीं निरुपयोगी म्हणून काढून टाकिलीं होतीं. घरांतील वृद्ध बाईंच्या आठवणीप्रमाणें त्या पानांवर त्यांच्या पणजसासूबाईंचें नांव होतें. हें नांव पोथी लिहिणारीचें, लिहवून घेणारीचें, कीं पदें रचणारीचें, हा प्रश्न त्या पानांबरोबरच गेला.

या लहानशा प्रसंगानें आम्हांस एका मोठ्या प्रकरणाची आठवण झाली. तें प्रकरण भोसल्यांच्या राज्यांत घडलेलें असूनही मराठी संशोधकांनीं त्याकडे द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं. तंजावरचे राजे प्रतापसिंह यांच्या दरबारांतील मुद्दुपळनी व तिचें 'राधिकासान्त्वनमु' हें तेलुगु काव्य, हा तो विषय होय. ग्रंथ तेलुगु आहे म्हणून तो आपला नव्हे, असें म्हणणाऱ्यांस उत्तर पुढें येईलच.

अठराव्या शतकांत युरोपांत राजघराण्यांतील अनेक स्त्रियांनीं संगीतरचना केल्या हें आतां तिकडील पंडितांनीं चांगलें उजेडांत आणिलें आहे. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाची वडील बहीण विल्हेल्मिना (१७०९–१७५८) ही बायरॉइटची राणी. तिनें 'आर्जेनोरे' नांवाचें संगीतनाटक १७४० साली रचिलें. तिची धाकटी बहीण आना अमालिया (१७२३–१७८७) स्वतः रचना करीत असे; परंतु आमच्यासारख्यांच्या दृष्टीनें तिचें खरें मोठेपण असें कीं, ती हस्तलिखितांची थोर संग्राहिका होती. योहान सेबास्टियन बाख याच्या, 'ब्रांडेनबुर्ग' नांवानें प्रसिद्ध असलेल्या सहा रचनांची त्यानें स्वहस्तें लिहिलेली प्रत तिच्याच संग्रहामुळें टिकली. सॅक्सनीची मारिया आंतोनिया वाल्पुर्गिस (१७२४–१७८०) हिचें एक संगीतनाटक १७५६ साली लाइप्सिक येथें ब्राइट्कोप्फ या मुद्रकानें सुट्या खिळ्यांच्या नवीन पद्धतीनें छापिलें. त्यावर तिनें आपलें नांव न घालतां चार आद्याक्षरें घातलीं. पण तीं अक्षरें कोणाचीं हें सर्वांस ठाऊक होतें, आणि आजहि ठाऊक आहे. या स्त्रियांचीं चरित्रें लिहिणें सुलभ झालें याचें कारण एकच. वाडा, दप्तर, ग्रंथशाला व मुद्रक हीं चारहि साधनें त्यांच्या हातांतलीं होतीं.

आपल्याकडे राजघराण्यांतील स्त्रीचें नांव टिकलें तें बहुधा राजकारणामुळें. सावंतवाडीच्या लक्ष्मीबाई या जयाप्पा शिंद्यांच्या कन्या, म्हणजे महादजींच्या पुतणी. १८०३ साली खेमसावंत तिसरे वारल्यावर वाडीचा कारभार त्यांनीं चालविला. करवीरकरांशीं व इतरांशीं त्यांचे जे व्यवहार झाले त्यांचे कागद निघाले, म्हणून त्यांचें नांव आपणांस ठाऊक. गाणें रचणाऱ्या स्त्रीस असे कागद कोठून असणार? तिचा कागद म्हणजे तिचा ग्रंथ, आणि ग्रंथांत तिनें स्वतःविषयीं जें लिहिलें असेल तेवढेंच. यासाठींच मुद्दुपळनीच्या ग्रंथाच्या प्रारंभींच्या भागाचें महत्त्व इतकें आहे.

ती राजकन्या नव्हती, दरबाराची गणिका होती, हें प्रथमच सांगितलेलें बरें. परंतु तंजावरच्या दरबारांत त्या वर्गाचें जें स्थान होतें तें आपल्या आजच्या कल्पनेनें मोजूं नये. व्यंकोजी राजांनीं सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत तंजावर घेतलें तेव्हां तेथें नायक राजांची तेलुगु परंपरा दृढ झालेली होती. भोसल्यांनीं ती मोडिली नाहीं. तीत स्वतः उतरले. शाहजी राजांनीं (१६८४–१७१२) तेलुगूंत 'पल्लकिसेवाप्रबंधमु' रचिलें आणि मराठींत नाटकेंहि लिहिलीं. तुळजा राजांच्या (१७२८–१७३६) नांवावर 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ आहे. तो मद्रासच्या संगीत अकादमीनें १९४२ साली छापिला. प्रतापसिंहांनीं (१७३९–१७६३) स्वतः मराठी नाटकें लिहिलीं. राजा मराठी बोले, गाणें तेलुगु, शास्त्र संस्कृत आणि रयत तमिळ, असा तो दरबार. अशा ठिकाणीं विद्यावती गणिकेस संस्कृत, तेलुगु, संगीत व अभिनय या चारहि गोष्टींचें शिक्षण मिळे, आणि कुलीन गृहिणीस तें बहुधा मिळत नसे. विल्हेल्मिनेस जें जन्मानें मिळालें तें मुद्दुपळनीस व्यवसायानें मिळालें. दोघींची तुलना करावयाची तर येथपर्यंतच करावी; यापुढें दोघींचे मार्ग फार वेगळे होतात.

तिचा काळ सुमारें १७३० ते १७९० असा धरितात. ग्रंथाच्या अवतरणिकेंत तिनें आपली परंपरा सांगितली आहे, ती आजीपासून: तंजनायकी ही आजी, तीहि दरबारांत मान्यता पावलेली. ग्रंथकर्ता बाप-आजा सांगून आपलें कुल वर्णितो ही प्रबंधकाव्यांची रूढि; तीच रूढि घेऊन मुद्दुपळनीनें मातृपक्ष पुढें केला. वीरराघव देशिक हे आपले गुरु असें ती नमूद करते. आपण विद्वानांचा द्रव्यानें व वस्त्रांनीं सत्कार केला, आपणांस उद्देशून ग्रंथ अर्पण झाले, हेंहि ती निःसंकोच सांगते. असा मजकूर पुरुष कवीनें लिहिला असतां आपण त्यास 'आश्रयदात्यांविषयींची ऐतिहासिक माहिती' म्हणून जपून ठेवितों. स्त्रीनें लिहिला तेव्हां त्यास आत्मश्लाघा म्हणण्याकडे प्रवृत्ति होते. आमच्या मतें ग्रंथांतील सर्वांत मौल्यवान भाग हाच. काव्य दुसऱ्या कोणास रचितां आलें असतें असें एखाद्यास वाटेलहि, पण ही वंशावळ व हे सत्काराचे उल्लेख तिच्यावांचून कोण लिहिणार होतें?

या शिवाय आंडाळच्या 'तिरुप्पावै'चें तेलुगु रूपांतर व 'सप्तपदमुलु' या तिच्या रचना सांगितल्या जातात. तमिळ भक्तिगीत तेलुगूंत, गाण्याच्या रूपांत आणणें, हें काम संगीतज्ञाचें आहे. केवळ पद्य जुळविणाऱ्याचें नव्हे. येथें आपल्याकडील साधनांचा एक गुण सांगावासा वाटतो. युरोपीय रचनेचा सूर कागदावर लिहिलेला असतो, म्हणून 'आर्जेनोरे' आज पुन्हां वाजवितां येतें. आपल्याकडे सूर गळ्यांतून गळ्यांत जातो. आमच्या किनाऱ्यावरील बाडांत पदाच्या डोक्यावर "चाल अमुक पदाची" असें लिहिलेलें असतें. मूळ पदाची चाल जोपर्यंत कोणी गात असतो तोपर्यंतच त्या सूचनेस अर्थ. सोहिरोबांचीं पदें भजनी मंडळींनीं गात ठेविलीं म्हणून तीं जिवंत राहिलीं. मुद्दुपळनीच्या पदांस असा गाणारा समाज उरला नाहीं. तिच्या व्यवसायांतील स्त्रियांचीच पुढें जी वाताहत झाली तीत तो बुडाला.

आतां काव्याविषयीं. 'राधिकासान्त्वनमु' हें चार आश्वासांचें, सुमारें पावणेसहाशें पद्यांचें शृंगारप्रबंध काव्य. त्यांतील राधा आपल्या वारकरी वा महानुभाव वाचकांच्या परिचयाची नव्हे. 'गीतगोविंदां'तील विरहिणीहि नव्हे. ती वयानें प्रौढ असून नात्यानें कृष्णाची आत्या लागते. इलादेवी नांवाच्या मुलीस ती लहानपणापासून वाढविते आणि स्वतःच तिचा कृष्णाशीं विवाह लावून देते. नवऱ्या मुलीस व वरास एकमेकांशीं कसें वागावें याचा उपदेशहि तीच करते. मग कृष्ण नव्या वधूच्या संगतींत रमला आणि आपणांस विसरला हें तिला सहन होत नाहीं. ती रागावते, झुरते, बोलणी लावते. शेवटीं कृष्ण येऊन तिची समजूत घालतो. काव्याचें नांवच त्या समजूत घालण्यावरून आहे. शृंगारकाव्यांत बहुधा रुसणें नायिकेकडे व समजूत नायकाकडे असते, त्यांत नवल नाहीं. नवल हें कीं येथें आपल्या हातानें आपलें सुख दुसरीस देणाऱ्या बाईचा अपमान हा विषय झाला आहे, आणि तिची इच्छा हें काव्याचें केंद्र आहे. नायकाच्या सुखाचें वर्णन त्या मानानें दुय्यम.

काव्य निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. प्रबंधाच्या रूढींतील लांबण, ऋतुवर्णनें, श्लेषाचा हव्यास हे दोष त्यांत आहेत आणि ते त्या काळच्या पुरुष कवींतहि तसेच आहेत. कांहीं ठिकाणीं वर्णन उघडें आहे. पण राधेच्या उपदेशाचा भाग व मत्सराचा भाग हे एकापुढें एक वाचले म्हणजे कवयित्रीची योजना कळते. जें बोलणें पूर्वीं वडीलधारेपणाचें होतें तेंच पुढें तिच्यावर उलटतें. ही योजना कळण्यासाठीं दोन्ही भाग पूर्ण हवेत. एक छाटला तर दुसरा नुसता कज्जा वाटतो.

आतां छाटणीकडे वळूं. हें काव्य प्रथम १८८७ साली छापलें गेलें. संपादक पैडिपाटि वेंकटनरसु हे चार्ल्स फिलिप ब्राउन या तेलुगु कोशकाराच्या सहवासांत काम केलेले. १९०७ साली त्याची पुन्हां आवृत्ति निघाली. या छापील प्रतींत प्रारंभींची अवतरणिका व शेवटची फलश्रुति हे दोन्ही भाग गाळलेले होते. म्हणजे काव्य राहिलें, पण तें कोणी, कोणाच्या मुलीनें, कोणत्या गुरूजवळ शिकून लिहिलें हें सांगणारीं पानें गेलीं. छापणाऱ्यास हीं पानें रसाच्या दृष्टीनें अनावश्यक वाटलीं असतील. मालवणच्या त्या बाडाचीं पानें काढणाऱ्यासहि तसेंच वाटलें होतें. दुष्टपणा कोणाच्याच मनांत नसावा. तरी परिणाम एकच.

बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) या गायिकेनें तंजावरच्या वाङ्मयाविषयींच्या एका लेखांत या काव्याचा उल्लेख वाचला आणि शोध सुरू केला. प्रथम छापील प्रत मिळाली, ती तुटक वाटली. पुढें मूळ हस्तलिखित मिळालें. दोन्ही समोर ठेवून तिनें पाठ मिळवून पाहिले, तेव्हां गाळलेले भाग लक्षांत आले. १९१० साली मद्रासच्या वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु आणि सन्स या प्रकाशनसंस्थेनें तिची पूर्ण आवृत्ति काढिली. ही गोष्ट आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पोथी-संशोधनाचा जो पहिला नियम, कीं छापील प्रतीवर विसंबूं नये, तो एका गाणाऱ्या बाईनें पाळिला आणि विद्वान् म्हणून मिरवणाऱ्यांनीं मोडिला होता. पुढें याच नागरत्नम्मेनें तिरुवैयारु येथें त्यागराजाची समाधि स्वतःच्या द्रव्यानें उभारिली, हेंहि सर्वश्रुत आहे.

आवृत्ति निघतांच आंध्रांतील थोर समाजसुधारक कंदुकूरि वीरेशलिंगम् (१८४८–१९१९) यांनीं व त्यांच्या मताच्या पत्रांनीं तीवर कडाडून टीका केली. विधवाविवाह व स्त्रीशिक्षण यांसाठीं वीरेशलिंगमांनीं जें केलें त्याबद्दल आमचा त्यांच्याविषयीं पूर्ण आदर आहे. पण 'आंध्रकवुलचरित्रमु'त त्यांनीं मुद्दुपळनीविषयीं जो निकाल दिला तो ग्रंथाचा नसून ग्रंथकर्त्रीच्या व्यवसायाचा आहे. तिची भाषा मृदु आहे, संगीत व साहित्य यांत ती निपुण आहे, हें ते कबूल करितात आणि लगेच असें काव्य स्त्रीच्या मुखीं शोभत नाहीं म्हणतात. नागरत्नम्मेचें उत्तर साधें व बिनतोड होतें: याहून उघडा शृंगार पुरुष कवींनीं लिहिला आहे, तसले ग्रंथ खुद्द टीकाकारानें छपाईसाठीं तपासून दिले आहेत, मग लाज फक्त बायकांसच असावी काय? यावर समाधानकारक उत्तर त्या पक्षानें दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. उत्तराऐवजीं सरकारकडे तक्रारी गेल्या. १९११ साली पोलिसांनीं प्रती जप्त केल्या आणि ग्रंथावर बंदी आली. भोसल्यांच्या दरबारांत जो ग्रंथ उजळ माथ्यानें वाचला गेला तो दीडशें वर्षांनीं इंग्रजी कायद्याखालीं गुन्हा ठरला. बंदी उठली ती मद्रासचे मुख्य मंत्री टी. प्रकाशम् यांच्या पुढाकारानें, १९४७ साली. आणि नवी आवृत्ति १९५२ त बाहेर आली. पुढें १९९१ साली सूझी तारू व के. ललिता यांनीं भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा जो इंग्रजी संग्रह काढिला त्याच्या प्रस्तावनेचा आरंभच या हकीकतीनें झाला, आणि तेव्हांपासून मुद्दुपळनी हें नांव पुन्हां विद्वानांच्या तोंडीं आलें.

येथें आम्हांस अलीकडील चरित्रलेखकांशींहि थोडें भांडावयाचें आहे. पूर्वींच्यांनीं तिला झांकिलें; हल्लींचे तिला नाटकांतील पात्र करूं पाहतात. असें सांगितलें जातें कीं, प्रतापसिंह पूर्वीं तंजनायकीवर अनुरक्त होते, मग नातीवर झाले, पुन्हां आजीकडे वळले, आणि त्या मत्सरांतून हें काव्य जन्मलें. राधा म्हणजे स्वतः कवयित्री किंवा तिची आजी. गोष्ट रंगतदार आहे. पण तिचा पुरावा काय? काव्यांतील प्रसंग घेऊन त्यावरून आयुष्य रचावयाचें, आणि मग त्या आयुष्यावरून काव्याचा उगम सिद्ध करावयाचा, हें वर्तुळ झालें. बखरकारानें असें केलें असतां आपण त्यास धारेवर धरितों. अवतरणिकेंत जें आहे, म्हणजे आजी, गुरु, सत्कार, अर्पण झालेले ग्रंथ, तेवढ्यावर उभें राहणारें चरित्र लहान होईल. परंतु तें तिनें स्वतःच्या सहीनें दिलेलें असेल. पुरुष कवीच्या शृंगारास आपण 'रूढि' म्हणतों आणि स्त्रीच्या शृंगारास 'कबुली', हाहि वीरेशलिंगमांच्याच दृष्टीचा नवा अवतार होय, मग तो कितीहि सहानुभूतीनें लिहिलेला असो.

याच शतकाच्या अखेरीस दक्षिणेंत दुसऱ्या एका स्त्रीचा ग्रंथ अगदीं वेगळ्या वाटेनें टिकला. हैदराबादची माहलका बाई चंदा (१७६८–१८२४) ही गायिका व उर्दू कवयित्री. निजामानें तिला उमरावांत स्थान व जहागिरी दिल्या. तिनें आपला दिवाण १७९९ साली कॅप्टन जॉन माल्कम यास भेट दिला. हाच माल्कम पुढें मुंबईचा गव्हर्नर झाला. ती प्रत विलायतेस गेली व इंडिया ऑफिसच्या संग्रहांत राहिली. कोणा संपादकाचा हात तीवर पडला नाहीं. आपल्या वस्तु परदेशीं गेल्या म्हणून आपण हळहळतों आणि तें योग्यच आहे; पण या एका बाबतींत तरी घरच्या संपादकापेक्षां परक्याचें कपाट बरें निघालें, हें कबूल केलें पाहिजे. जहागीर असलेल्या बाईस अशी भेट देतां आली, हाहि मुद्दा विसरतां येत नाहीं.

मराठी संशोधकांस या विषयांत काय करितां येईल? तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत तेलुगु, संस्कृत व तमिळ पोथ्यांबरोबर मराठी पोथ्यांचा फार मोठा संग्रह आहे. १९१८ सालापासून तें सर्वांस खुलें आहे. शिवाय राजवाड्याचें मोडी दप्तर आहे. त्यांतील बहुतेक कागद दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८–१८३२) व नंतरच्या काळचे असले, तरी नाटकशाळा, मेळे, बिदागी व नेमणुका यांचे जमाखर्च त्यांत येतात, आणि नेमणुका पिढ्यान् पिढ्या चालत. तेलुगु पंडितास मोडी येत नाहीं आणि आपल्यास तेलुगु येत नाहीं, यामुळें दोन्ही साधनें शेजारीं शेजारीं पडून आहेत. एक मराठी व एक तेलुगु अभ्यासक एकत्र बसले तर अवतरणिकेंतील नांवें दप्तरांतील नांवांशीं ताडून पाहतां येतील. प्रतापसिंहांच्या काळीं, १७४९ त इंग्रजांनीं देवीकोट्टई घेतलें त्या धामधुमींत, दरबार गाण्यावर काय खर्च करीत होता हा प्रश्नहि केवळ कुतूहलाचा नव्हे.

आमच्या किनाऱ्यापुरतें सांगावयाचें तर, ज्यांच्या घरीं बाडें आहेत त्यांनीं तीं आम्हांस दाखवितांना कोरीं, फाटकीं, हिशेबाचीं अशीं सर्व पानें तशींच ठेवून दाखवावीं. त्या मालवणच्या बाडाचीं राहिलेलीं पानें आम्हीं मोजलीं. तीं शहाऐंशी आहेत. त्यांत दहा पदांच्या शेवटीं एकच नाममुद्रा आहे, आणि ती घरांतील कोणा पुरुषाच्या नांवाशीं जुळत नाहीं. त्या दहा पदांच्या नकला चालीच्या सूचनांसह उतरून घेतल्या आहेत. वृद्ध बाईंस त्यांपैकीं तिहींच्या चाली येतात. त्या गाऊन घेण्याचें काम पावसाळ्यापूर्वीं करावयाचें ठरलें आहे.